तारा काढलेली टोपी

मी टोपी बोलतेय. लोक म्हणतात, सैन्यातली टोपी. मी स्वतः मात्र तसं ठामपणे सांगायला कचरते, कारण माझ्या कपाळावरचा लाल तारा काढून घेतला, त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. तारा नसलेल्या टोपीला काय म्हणायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझा जन्म शेनयांगच्या एका शिलाई कारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाईला पडसं झालं होतं. ती दर दोन टाक्यांनी शिंकायची, म्हणून माझी डावीकडची शिवण जराशी वाकडी आहे. त्या दिवशी माझ्या चारशे बहिणी जन्मल्या. सगळ्या एकसारख्या, सगळ्या गवती हिरव्या. सेनापतीलाही हीच टोपी आणि आचाऱ्यालाही हीच. त्या काळी सैन्यात साहेब ओळखायचा तो डगल्याच्या खिशांवरून. चार खिसे असले तर साहेब, दोन असले तर शिपाई. मग टोपीवरून काय ओळखायचं, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता.

मी गेले दोन खिशांच्या माणसाकडे. लुआन दशंग त्याचं नाव. सरहद्दीवरच्या एका तुकडीत तो स्वयंपाकी होता. तीन वर्षांत त्याने कोबी सोडून कुणावर सुरी चालवली नाही. जवान त्याची चेष्टा करायचे.

"लुआनदादा, शत्रू चालून आला तर काय करशील रे?"

"काय करणार? आधी विचारीन, जेवलास का?"

वाफेने आणि घामाने मी त्याच्या डोक्याच्या मापाची झाले. अडुसष्ट सालच्या वसंतात त्याची मुदत भरली. निघताना एका चार खिशांच्या साहेबाने माझा तारा उचकटला, डबीत टाकला आणि मला परत दिलं. जिथे तारा होता तिथलं कापड तेवढं गडद राहिलं.

लुआन आपल्या गावी आला आणि एनॅमलची भांडी बनवणाऱ्या कारखान्याच्या भोजनालयात कामाला लागला. तिथे मला पहिला धक्का बसला. सैन्यात मला कुणी विचारत नव्हतं, आणि इथे रस्त्यावर माणसं वळून वळून बघायची. रांगेत लुआनला पुढे जाऊ द्यायची. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की नवरदेव दारात हजर. "दादा, फोटोपुरती टोपी दे ना!" त्या उन्हाळ्यात मी नऊ लग्नांच्या फोटोंत गेले. नऊही नवरे छाती फुगवून बसले होते. एकालाही बंदूक धरता येत नव्हती.

लुआनचंही लग्न ठरलं होतं. मुलीचं नाव शूयुन. भट्टीतून निघालेल्या घमेल्यांचे पोपडे तपासायचं तिचं काम. बोलायला तिखट.

"टोपीशी लग्न करतेयस की माझ्याशी?" लुआनने तिला एकदा विचारलं.

"टोपी तरी गप्प बसते," ती म्हणाली.

लग्नाच्या महिनाभर आधी मियाओ चंगफू आला. आधी तो गोदामात पेट्या मोजायचा, पण कारखान्यात क्रांतीच्या नावाने नवी समिती झाली आणि तो तिचा प्रमुख बनला. त्याने फोटोसाठी दोन दिवस मला मागून नेलं आणि परत द्यायचं नाव काढलं नाही. त्याने लुआनला टोपी घातली असं म्हणायला हवं. पण मला घालून गेला तो तर मियाओ! असो.

लुआन दोनदा त्याच्या दारी गेला.

"दादा, तुझी टोपी आता जनतेच्या कामाला लागलीय," मियाओ म्हणाला.

"मग जनतेला सांग, शनिवारी माझं लग्न आहे."

मियाओच्या डोक्यावर मला काय अनुभव आला ते सांगते. तो गोदामातला माणूस हळू आवाजात बोलायचा, बोलता बोलता अडायचा. मला डोक्यावर चढवलं की त्याचा आवाज चढायचा. कारखान्याचे जुने मुकादमही मान खाली घालून उभे राहायचे. मी तर काहीच करत नव्हते. कापड, पुठ्ठा आणि शिवण, एवढीच मी. मग ती माणसं कुणाला घाबरत होती? त्याला की मला?

मग शुक्रवार उजाडला. कारखान्याच्या पटांगणात सभा भरली. फळ्यांच्या मंचावर शाओ मास्तरांना उभं केलं होतं. शाओ मास्तर म्हणजे घमेल्यांवर फुलं काढणारे म्हातारे कलाकार. त्यांच्या घराच्या झडतीत एक जुना फोटो सापडला होता. त्यात त्यांच्या डोक्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गोल हॅट आणि गळ्यात टाय होता. तरुणपणी परदेशात शिकायला गेले होते तेव्हाचा. तीच हॅट, तोच टाय त्यांचा गुन्हा. शिक्षा म्हणून त्यांच्या डोक्यावर हातभर उंच कागदी टोपी चढवली होती. तिच्यावर शाईने त्यांचं नाव लिहून फुली मारली होती.

मियाओ बोलत होता, म्हणजे मीही मंचावरच होते. कागदी टोपी माझ्यापासून दोन पावलांवर. इतक्या टोप्यांशी माझा संबंध आला, पण हिच्याशी काय बोलावं ते मला सुचेना.

तेवढ्यात बर्फाळ पाऊस सुरू झाला. कागदी टोपी भिजली, वाकली आणि मास्तरांच्या तोंडावर कोसळली. शाई त्यांच्या डोळ्यांत उतरली. त्यांचे हात मागे धरलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात.

लुआन मंचावरच्या मंडळींसाठी गरम पाण्याची किटली घेऊन आला होता. त्याने किटली खाली ठेवली, मियाओजवळ गेला आणि मला त्याच्या डोक्यावरून उचललं.

"तीन आठवडे झाले," तो म्हणाला. "उद्या माझं लग्न आहे."

पटांगणात हशा पिकला. मियाओचे केस चपटे होऊन कपाळाला चिकटले होते आणि तोंड उघडंच राहिलं होतं. एवढ्यावर थांबलं असतं तर ते प्रकरण हसण्यावारी गेलं असतं. पण लुआनने मला स्वतःच्या डोक्यावर घातलं नाही. त्याने मास्तरांच्या तोंडावरचा कागदाचा लगदा काढला, बाहीने त्यांचे डोळे पुसले आणि मला त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

हशा थांबला. घोषणेसाठी वर गेलेल्या मुठी वरच राहिल्या. हात धरणाऱ्या दोघांनी मास्तरांचे हात सोडले. सैन्याची टोपी घातलेल्या माणसावर ओरडायचं कसं, हे कुणालाच कळेना. 

"काढ रे बाबा," मास्तर पुटपुटले. "माझ्यापायी तू मरशील."

"राहू दे मास्तर. ओलं झालंय डोकं."

मग मियाओला आवाज सापडला. "सैन्याचा अपमान! जनतेचा अपमान!" आणि मुठी पुन्हा हलू लागल्या.

चौकशीला तिघे बसले. मी टेबलावर, त्यांच्या पुढ्यात.

"टोपी त्याच्या डोक्यावर का घातली?"

"पाऊस पडत होता."

"हे उत्तर नाही."

"मग प्रश्न काय आहे, साहेब?"

त्याच्याकडून अकरा वेळा कबुलीजबाब लिहून घेतला. दर वेळी त्याने लिहिलं, पाऊस पडत होता. शेवटी त्याला श्रमशिबिरात डुकरांच्या देखभालीला पाठवलं. लग्न मोडा, असं शूयुनला समितीने बजावलं. ट्रक निघायच्या आधी ती चौकशीच्या खोलीत त्याला भेटायला आली. तिचे डोळे लाल होते.

"दुसरी एखादी टोपी घालता आली नाही का त्यांना?" ती त्याच्यावर खेकसली.

"दुसरी नव्हती. हाताशी हीच होती."

"माठ आहेस तू. नुसता माठ!" असं म्हणून तिने त्याच्या हातात मक्याच्या रोट्यांचं पुडकं कोंबलं. "पत्र टाक. मी कुठे जात नाही."

मला चिठ्ठी बांधून कपाटाच्या खणात टाकलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पुरावा. खणात शेजारी शाओ मास्तरांचा तो फोटोही होता. तब्बल अकरा वर्षं मी आणि ती फोटोतली नमद्याची हॅट एकमेकींना खेटून राहिलो. कशाचा पुरावा, ते तिलाही माहीत नव्हतं.

एकोणऐंशी साली खण उघडला. उघडणारा मियाओच. आता तो कारखान्याचा उपव्यवस्थापक झाला होता. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला करडा डगला, खिशाला दोन पेनं. समोर लुआन उभा होता, वाळलेला, पुढचे दोन दात गेलेले. शिबिरातून सुटून त्याला सात वर्षं झाली होती आणि शूयुनशी त्याचं लग्न झालं होतं. फोटो त्यांनी उघड्या डोक्यांनीच काढला होता.

"तुमच्यावरचा आरोप रद्द झाला, लुआनदादा. वरून कागद आलाय," मियाओ म्हणाला.

"तेव्हाही वरूनच आला होता का?"

"तेव्हा वारंच तसं होतं, दादा."

लुआनने फोटोही मागितला. शाओ मास्तर त्या सभेनंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात गेले होते. तो फोटो लुआनने त्यांच्या मुलीला नेऊन दिला आणि मला डोक्यावर घालून भोजनालयात कामाला गेला.

पुढे काही वर्षांनी, नववर्षाच्या सणाला, मियाओ आमच्या दारात आला. पाहुण्यांच्या मेजवानीचा स्वयंपाक लुआननेच करावा, अशी त्याची विनंती होती. त्याच्या अंगात कोट होता. बाहीवरची कंपनीची पट्टी त्याने मुद्दाम काढली नव्हती, कोट नवा आहे हे दिसावं म्हणून. आणि गळ्यात टाय होता. मी खुंटीवरून त्या टायकडे बघत राहिले. हाच ना तो गुन्हा? की तो दुसरा होता?

"काय रुबाब आहे, मियाओसाहेब!" शूयुन म्हणाली. "गळा आवळत नाही ना?"

तो हसला. लुआन मेजवानीला गेला आणि मनापासून रांधून आला. लुआनला त्याचा राग का आला नाही, हेही मला कळलं नाही.

लुआन तीन हिवाळ्यांपूर्वी वारला. त्याच्याबरोबर मला द्यावं, असं शेजारणींनी सुचवलं. शूयुनने साफ नकार दिला. "त्याला लोकरीची देईन. ही त्याच्या डोक्याला पुरेशी जाच झाली," म्हणाली. त्या रात्री मात्र ती मला मांडीवर घेऊन बसली होती.

आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे. रोज सकाळी चौकात म्हाताऱ्या बायकांचा नाच असतो. गेल्या महिन्यात त्यांना पोशाख म्हणून हिरव्या टोप्या हव्या होत्या. बाकीच्यांनी बाजारातून प्लास्टिकच्या ताऱ्यांच्या नव्या टोप्या आणल्या. शूयुनने मला घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच. तिचं डोकं लहान आहे, म्हणून मी सारखी कानांवर घसरते. गाणं लागलं की ती पंखा हलवते, पावलं चुकते आणि खो खो हसते.

काल सकाळी समोरच्या बाकावर मियाओ येऊन बसला. काठी टेकत, सुनेचा हात धरून. पंच्याऐंशी तरी असेल. नाच संपल्यावर शूयुन त्याच्यासमोरूनच निघाली. त्याने वर पाहिलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. तारा होता त्या गडद जागेकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा उजवा हात हळूहळू उठला आणि कपाळाशी जाऊन थांबला.

शूयुनही थांबली. "काय हो मियाओसाहेब," ती म्हणाली, "सलाम करताय, की डोळ्यांवर ऊन येतंय?"

 त्याने हात तसाच कपाळाशी धरून ठेवला.

मी अगदी त्याच्या समोर होते, हातभर अंतरावर, आणि तरीही मला सांगता येत नाही. ऊन तर होतंच. वाचकहो, तुम्ही माणसं आहात, एकमेकांना ओळखता. तुम्हाला काही उमगलं, तर मला तेवढं सांगा.