राजाच्या बाजूची मुलगी

सुमेधाने परातीत बिनदुधाचा चहा ओतला, त्यात दोन कोरे कागद बुडवले आणि निथळून गॅलरीतल्या दोरीला चिमट्यांनी टांगले. टोकियोतल्या फुनाबोरीच्या त्या चौथ्या मजल्यावर नोव्हेंबरचं दुपारचं ऊन बरं लागत होतं. अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद करायचा म्हणजे काय गंमत आहे!

"आता दिसतो ना जुना?"

अकरा वर्षांच्या नुपूरने जपानीत होकार दिला. आईने मराठीत विचारायचं आणि लेकीने जपानीत उत्तर द्यायचं, हे गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. सुमेधाला ते फार लागायचं.

नुपूरच्या इंटरनॅशनल शाळेत अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवत होते. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या, मैत्रिणींना बंडवाले सैनिक मिळाले आणि हिच्या वाट्याला आली इंग्लंडच्या राजाच्या बाजूच्या एका दुकानदाराची मुलगी. युद्ध हरल्यावर घरदार सोडून न्यूयॉर्कहून जहाजाने कॅनडाला निघालेली. तिने बंडवाल्यांच्या बाजूने मागे राहिलेल्या मोठ्या बहिणीला पत्र लिहायचं होतं.

"म्हणजे काय, सगळे एका बाजूला नव्हते?" सुमेधाने विचारलं. तिने तर शाळेत एवढंच पाठ केलं होतं, की वसाहती उठल्या आणि त्यांनी इंग्रजांना घालवलं.

छे! नुपूरने जपानी-इंग्रजीची भेळ करून आईची शिकवणी घेतली. घराघरात दोन तट पडले होते. बाप राजाकडे, तर मुलगा बंडवाल्यांकडे. कित्येक कुठेच नव्हते, आपलं शेत नि आपण. आठ वर्षं झुंजले, फ्रेंचांचं आरमार मदतीला आलं, तेव्हा कुठे राजाचं सैन्य शरण आलं. मग हरलेल्यांनी गाशा गुंडाळला. हजारोंनी.

"बिचारे," असं म्हणून सुमेधा इस्त्री तापवायला आत गेली.

बिचारे म्हणायला तिचं काय जात होतं? ती जिंकलेल्यांतली होती. पाच वर्षं तिने या घरात लढाई केली होती. नवऱ्याला, रविकांतला, इथलं काम हवं होतं, तिला पुणं हवं होतं. तिला भाजीवालीशी घासाघीस करायची होती, बहिणीकडे न कळवता जाऊन टपकायचं होतं, कुणाशी तरी मोठ्याने भांडायचं होतं. इथे सगळे इतकं हळू बोलत, की तिला स्वतःचाच आवाज परका वाटायचा. कधी अबोला धरून, कधी रडून तिने हट्ट लावून धरला आणि गेल्या आठवड्यात रविकांतने हात टेकले. करार वाढवायचा नाही, हे तो सोमवारी ऑफिसात कळवणार होता. नुपूरला सावकाश सांगू, असं दोघांचं ठरलं होतं. पोरांचं काय, कुठेही रुळतात.

कागद वाळले, इस्त्री झाली. तासाभराने नुपूरने पत्र लिहून आणलं, आईच्या हातात दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली. सुमेधा त्या इंग्रजी ओळी वाचू लागली आणि तिला हसूच फुटलं.

"अगं बाई! गुरुवारी बाटल्या धुऊन, झाकणं वेगळी करून खाली ठेवल्या? न्यूयॉर्कात? राजाच्या काळात? हा तर आपल्या इथल्या कचऱ्याचा नियम!"

पुढे तर खालच्या मजल्यावरच्या एक आजी आल्या होत्या. पर्सिमनची नारिंगी फळं सोलून दोरीला वाळत घालणाऱ्या आणि त्यातली दोन या मुलीसाठी हमखास राखून ठेवणाऱ्या. अगदी इथल्या खालच्या ओकादा आजी! सुमेधा हसत हसत शेवटच्या ओळींवर आली.

'ताई, तुमची बाजू जिंकली याचा मला राग नाही. मोठी माणसं म्हणतात, मुलं कुठेही रुळतात. मी रुळेन. पण हे माझं गाव होतं, एवढं तू लक्षात ठेव.'

तिचं हसू थांबलं. तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या.

"नुपूर... तुला कोणी सांगितलं?"

"तूच." उत्तर मराठीत आलं. स्वच्छ, पुणेरी मराठीत. "अनघामावशीला फोनवर सांगत होतीस ना. मी इथेच तर बसले होते. मी जपानीत बोलते म्हणून तुम्हाला वाटतं, मला मराठी कळतच नाही."

सुमेधा होती तिथेच खाली बसली. हीच मराठी ऐकायला तिचा दोन वर्षं जीव तुटत होता, आणि आता ती ऐकवेना.

"मग बोलली का नाहीस? मला नाही जायचं म्हणून?"

"तू बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस ते ऐकू येतं मला," नुपूर म्हणाली. "मला वाटलं, तू जिंकलीस की थांबशील."

बाहेरच्या खोलीतून रविकांतची हाक आली. "सुमेधा, सोमवारचं ऑफिसचं पत्र आत्ताच टाइप करून ठेवू ना गं?"

नुपूर शाईने माखलेली बोटं फ्रॉकला पुसत राहिली. सुमेधाच्या डोळ्यांसमोर पुणं उभं राहिलं, दारात वाट पाहणाऱ्या बहिणीसकट, आणि त्या क्षणी तिला फार फार जावंसं वाटलं.

"थांब रे जरा," ती कशीबशी म्हणाली. "आधी हे एक वाच."

राजाच्या बाजूच्या मुलीचं ते पत्र तिने नुपूरबरोबर पाठवलं नाही. स्वतः उठली आणि रविकांतकडे घेऊन गेली.