रक्षाले घेऊन

कवडूला लकवा मारला तेव्हा बांधीतला धान कापणीला आला होता. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं मधेच तुटलं. नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हर्षाला बाजूला घेतलं.

"वडिलांना बरंचसं समजतं," त्या म्हणाल्या. "पण वाक्य बांधता येणार नाही. माणसांची, वस्तूंची नावं येतील. क्रियापदं अडतील."

हर्षाला हसावं की रडावं कळेना. कवडूची ही धाकटी लेक नागपुरात पीएचडी करत होती, आणि तीही क्रियापदांवरच. एका क्रियापदाला दुसरं येऊन चिकटतं आणि पहिल्याचा रंग बदलतो, तो तिचा विषय. 'खाल्लं' वेगळं, 'खाऊन टाकलं' वेगळं, आणि नको ते खाल्ल्यावर 'खाऊन बसला' अजून वेगळं. बंगाली माणूस खाऊन 'फेकतो', जपानी खाऊन 'आवरून ठेवतो', आणि तिघांनाही म्हणायचं असतं एकच, की संपलं. एकदा तिनं हे सगळं घरी रंगवून सांगितलं होतं. कवडू विडी विझवत म्हणाला होता, "हे शिकाले कायले लागते वं? आमी तं रोजच बोलतो."

आता तो रोज बोलत नव्हता. गावी, सानगडीच्या घरी ओसरीत खाट टाकली होती. तिच्यावर बसून तो रस्त्याकडे बघत राही. "पाणी," म्हणे. "बैल," म्हणे. मग तोंड उघडं ठेवून पुढच्या शब्दाची वाट बघे, आणि शब्द आला नाही की डाव्या हाताने मांडीवर मारून घेई.

घरात आणखी एक गोष्ट अडून बसली होती. कवडूचा थोरला, मनीष, दोन वर्षांपूर्वी धानाच्या बांधीत साप चावून गेला. त्याची बायको चंदा तेव्हापासून सासरीच होती, सहा वर्षांच्या रक्षाला घेऊन. मधल्या काळात तिनं नर्सिंगचा कोर्स केला आणि भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात तिला काम मिळालं. तिला जायचं होतं, आणि रक्षाला तिथल्या शाळेत घालायचं होतं. धाकटा दीर कैलाश मात्र ऐकत नव्हता. "दादाची एकच निशाणी हाय," तो म्हणे, "ते बी भाड्याच्या खोलीत वाढवाची काय?" लकव्याच्या आधी चंदाने सासऱ्याला विचारलं होतं. कवडू म्हणाला होता, "धान घरात येऊ दे. मंग सांगतो." धान घरात आला, पण सांगणारा असा झाला.

दवाखान्यानं चंदाला एकदा मुदत वाढवून दिली, दुसऱ्यांदा दिली नाही. सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरी बाई ठेवतो, असा निरोप आला. त्या रविवारी हर्षा गावी आली होती. दुपारची जेवणं झाली होती. चंदा सासऱ्याला औषध देऊन उठली, आणि कवडूने अचानक डावा हात वर केला.

"रक्षाले..." तो म्हणाला. सगळे थांबले. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. "रक्षाले... घेऊन..."

पुढे काही येईना. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"घेऊन जा म्हणून राहिले मामाजी," चंदा घाईने म्हणाली.

"घेऊन राय म्हणून राहिले!" कैलाश खाटेपाशी आला. "अठीच राय, रक्षाले घेऊन. हो ना, बाबा?"

रुखमिणी, हर्षाची माय, दारातून पदराला हात पुसत म्हणाली, "काई नाई, नात पाहाची असन त्याले. घेऊन ये म्हणते. रक्षे, ये वं इकडं."

हर्षा खाटेजवळ उकिडवी बसली. तिनं वडिलांचा हात हातात घेतला आणि सावकाश विचारलं, "बाबा, घेऊन जा?" कवडूने मान हलवली, हो. "घेऊन राय?" पुन्हा हो. "घेऊन ये?" त्यालाही हो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं अडलेलं वाक्य कोणीतरी बोलतंय एवढ्यालाच तो हो म्हणत असावा.

"तू सांग मंग," कैलाश हर्षाला म्हणाला. "याच्यावरच तं शिकून राहिली ना तू इतके वर्षं. तू सांगशीन ते खरं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. मायही तिच्याकडे बघत होती, आणि चंदा तर डोळे खाली करून उभी होती, निकाल ऐकायला उभं राहावं तशी. शास्त्राच्या काटेकोर हिशेबात हे खरं संयुक्त क्रियापदही नव्हतं, हे हर्षाला त्या क्षणीसुद्धा आठवलं. तिच्या विषयातलं दुसरं क्रियापद स्वतःचा अर्थ टाकून देतं. इथे तसं काहीच नव्हतं. जा म्हणजे जाणं होतं आणि राहा म्हणजे राहणं. बाबांना त्यातलं कोणतं म्हणायचं होतं, ते तिला माहीत नव्हतं.

"घेऊन जा म्हणून राहिले बाबा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"राय म्हणाचं असतं, तं आधी 'अठी' आलं असतं तोंडात. जागा सांगितल्याबगर 'राय' येत नाई."

असा काही नियम नव्हता. तो तिनं तिथल्या तिथे रचला होता. कैलाश खाटेपासून मागे सरला. "बाबानंच म्हणलं तं मी कोण?" एवढं बोलून तो शेताकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने चंदा रक्षाला घेऊन गेली.

त्यानंतर कवडूचं जेवण तुटलं. पेज भरवली तर तोंडातून बाहेर येई. रुखमिणी फोनवर हर्षाला सांगे आणि रडे. इकडे हर्षाच्या गाइडबाईंनी सुचवलं, वडिलांचं बोलणं टेप कर, प्रबंधात फार मोलाचं ठरेल. तिनं एकदा घरी येऊन फोनवर टेप चालू केला. कवडू मधेच अडकला, मांडीवर मारून घेऊ लागला. तिनं टेप बंद करून पुसून टाकला आणि गाइडबाईंना सांगितलं की हे माझ्याच्यानं होणार नाही.

फेब्रुवारीत एक दिवस मायचा फोन आला. तिचा आवाज आनंदाचा होता. "तुया बाबाले बोलता येऊन राहिलं वं! सकाळपासून म्हणते, रक्षा ये, रक्षा ये. साफ म्हणते."

हर्षाने फोन ठेवला. आजारी माणसाला आज नात आठवली असेल, तेव्हाही हेच म्हणायचं होतं असं नाही, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण तेव्हाही हेच म्हणायचं असेल, तर? ती त्याच आठवड्यात भंडाऱ्याला गेली.

चंदा ड्यूटीवरून आली होती, पांढऱ्या कपड्यांतच होती. मायचा फोन, हर्षाने रचलेला नियम, सगळं ऐकून घेतल्यावर ती स्टोव्हकडे वळली.

"हर्षाताई, मामाजीनं 'राय' म्हणलं असतं, तरी मी गेलीच असती. बॅग आदल्या दिवशीच भरली होती मी."

हर्षाला वाटलं होतं की हे ऐकून हलकं वाटेल. वाटलं नाही.

"एका दिवसासाठी तिला बाबाकडे नेऊ दे, वहिनी. तू बी चाल."

"आणि भाऊजीनं ठेवून घेतलं तं?"

"नाई ठेवून घेणार. संध्याकाळच्या बसनं परत. माझ्यावर."

तिघी सानगडीला पोचल्या तेव्हा कवडू ओसरीतच होता. रक्षा आधी बुजली. आजोबाचं वाकडं झालेलं तोंड तिनं नीट बघून घेतलं आणि मग खाटेवर चढून शाळेतली बाई कशी ओरडते ते सांगू लागली. रुखमिणीने पेज आणली. रक्षाने चमचा धरला, आणि कवडूने वाटी संपवली. कैलाश खांबाला टेकून बघत होता.

निघायची वेळ झाली तशी कवडूने डाव्या हाताने नातीचा फ्रॉक मुठीत धरला. रक्षा रडायला लागली. चंदाचा चेहरा उतरला, ती कैलाशकडे बघू लागली. हर्षाने पुढे होऊन वडिलांचं एकेक बोट फ्रॉकवरून सोडवलं. बोटांत अजून बरीच ताकद होती. शेवटचं बोट सुटलं तेव्हा कवडू तिच्याकडे बघत होता, आणि तिला ती नजर वाचता आली नाही.

कैलाशनं मोटरसायकल काढली. चंदा आणि रक्षाला बस स्टॉपवर सोडून तो हर्षाला न्यायला परत आला. अर्ध्या वाटेत, तळ्याच्या पाळीवर, त्यानं गाडी उभी केली.

"त्या दिवशी बाबा काय म्हणून राहिले होते, तुले माहीत नव्हतं ना?"

"नाई."

"मंग सांगितलं काहून?"

हर्षा शब्द जुळवत होती, पण तोवर त्यानं गाडी सुरू केली होती.

आता दर महिन्याला कैलाश स्वतः भंडाऱ्याला जातो, रक्षाला आणतो आणि दुसऱ्या दिवशी परत सोडून येतो. कवडू थोडं थोडं चालतो, वाक्यं मात्र त्याची अजून तुटकीच आहेत. त्या रविवारबद्दल त्याला कोणी विचारत नाही. हर्षा घरी आली की कैलाश तिच्याशी कामापुरतं बोलतो. ती वडिलांजवळ बसते, आणि त्यांचं वाक्य अडलं की ते पुरं करत नाही. त्यांना वेळ लागेल तेवढा वेळ गप्प राहते.