जुने पाच शब्द

भाचीचं डोकं समोरच्या खेळाडूच्या डोक्यावर आपटलं तेव्हा मी पाण्याच्या बाटल्या भरत होते. ती उठली, हसली आणि तेवढ्यात हाफ टाइमची शिट्टी झाली. मी तिला जवळजवळ ओढतच कपडे बदलायच्या खोलीत नेलं. बाहेर निवड समिती बसली होती आणि पोरीची तीन वर्षांची मेहनत उरलेल्या अर्ध्या सामन्यावर टांगली होती. मी संघाची फिजिओ. मावशीपण घरी ठेवायचं ठरलेलं.

डोक्याला मार लागला की मी 'हो' म्हटल्याशिवाय कुणी मैदानात उतरायचं नाही, असा नियम. मी तिला पाच शब्द सांगितले, नंतर विचारीन म्हणाले. मग एका पायावर उभं केलं, महिने उलटे म्हणायला लावले. तिने ते धडाधड म्हटले. दाराशी कोच येरझाऱ्या घालत होता, मिनिटामिनिटाला झालं का विचारत होता. माझं डोकंच फिरवलं त्याने.

"आता ते पाच शब्द सांग," मी म्हटलं.

"आरसा, साबण, कांदा, चादर, खिळा."

मी भराभर पाच बरोबरच्या खुणा केल्या. जिवात जीव आला. कागद कोचच्या हातात देणार, तर नजर खाली गेली. त्यावर छापलं होतं: कात्री, घोडा, दोरी, बटाटा, उशी.

आरसा-साबण ही जुनी यादी. हे काम शिकताना मी घरी तिच्यावरच सराव केला होता, त्यामुळे दोघींना तोंडपाठ. म्हणूनच आज मुद्दाम दुसरी वाचली होती. तिने जुनी म्हटली आणि मी शहाणी खुशाल खुणा करत सुटले. मला तिला पाठवायचंच होतं ना! स्वतःचीच लाज वाटली.

खुणा खोडल्या. ही खेळणार नाही, असं कोचला सांगितलं आणि दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. भाची चवताळली. परक्या मुलीला सोडलं असतंस, म्हणाली. नात्यापायी तिला सोडतच होते, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसरा हाफ सुरू झाला. गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. ती हुंदके देत होती, मी हात धरला तर तिने झटकला. मग अचानक शांत झाली. केस घट्ट बांधले आणि माझ्याकडे वळली.

"मावशी, विचार ना ते पाच शब्द," ती म्हणाली. "लवकर कर, हाफ टाइम संपेल."