चुन्याचं विरजण

ही हकिगत कोणाला पटायची नाही. नाशकातल्या माणसाला तर मुळीच नाही, कारण त्याने खंडेरावांना पाहिलेलं असतं. पण जे घडलं ते घडलं, आणि त्यात मीठमसाला जो काही आहे तो खंडेरावांचा. इथे फक्त वाढायचं काम केलंय.

खंडेराव नोकरीला नाशिक रोडच्या, नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते. तिथलं काम गुप्त. आत काय चालतं हे बाहेर सांगायचं नाही, असा तिथला नियम, आणि तो खंडेरावांना फार मानवला. खरं सांगायची बंदी असल्यावर माणसाने सांगायचं काय? खोटं. निवृत्तीनंतर बंदी उरली नाही, सवय मात्र राहिली. भद्रकालीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, घरासमोर जुनी दगडी पाणपोई, आणि पाणपोईला लागून एक ओटा. रोज संध्याकाळी खंडेराव त्या ओट्यावर बसत आणि पाच-सात माणसं कान टवकारून भोवती जमत. घरात त्यांच्या गोष्टींना गिऱ्हाईक नव्हतं. कुसाबाई दुसऱ्याच वाक्याला "पुरे" म्हणायच्या. त्यामुळे ओटा होता म्हणून खंडेराव होते. ओटा गेला असता तर चार भिंतींत, कुसाबाईंसमोर, नुसतं खरं बोलत म्हातारपण काढावं लागलं असतं.

आणि एका सकाळी त्या ओट्यावर लाल रंगाची भलीमोठी फुली दिसली.

गावातल्या एका वारसा मंडळाने पाणपोईची दुरुस्ती काढली होती. मंडळाच्या मोहिनीताई, आर्किटेक्ट, डोक्याला स्कार्फ बांधून उन्हात उभ्या होत्या. खंडेराव चहाचा कप हातात घेऊनच रस्ता ओलांडून गेले.

"ताई, ही फुली कसली?"

"काका, हा ओटा मूळ इमारतीचा नाही. नंतरची भर आहे. काढून टाकायचाय."

"कोण म्हणतं नंतरची?"

"जुना आहे असं कोणीच म्हणत नाही ना! कुठे उल्लेख नाही, कुठे आठवण नाही."

ओटा किती जुना, हे खंडेरावांना नेमकं ठाऊक होतं. पण तसं थेट त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हौदात मंडळाचा चुना भिजत पडला होता. भिंतीवर लावलेल्या चुन्याचे पापुद्रे सुटून खाली पडले होते. मोहिनीताईंचा चेहरा त्या पापुद्र्यांसारखाच उतरलेला.

"चुना धरत नाही वाटतं?" खंडेरावांनी विचारलं.

"नाही ना! गूळ घालून झाला, बेलफळ घालून झालं. राजस्थानातून माणूस आणून विचारलं, केरळला विचारलं."

"समोरच्या घरात विचारलं?"

"तुम्हाला चुन्यातलं कळतं?"

खंडेरावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. तेवढ्या वेळात गोष्ट तयार झाली.

"तुम्हाला खरं वाटणार नाही ताई, पण तुम्ही विरजणच लावलं नाहीत."

"विरजण? चुन्याला?"

"दुधाला लावतात, मग चुन्याने काय घोडं मारलंय? जुन्या चुन्यातला बोटभर चुना नव्या चुन्यात घालायचा. तो मुरतो, धरतो. असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं विरजण. नाशकातल्या सगळ्या जुन्या भिंती एकमेकींच्या बहिणी आहेत, त्या याच्यामुळे. आणि ते विरजण ठेवलंय कुठे?" त्यांनी ओट्यावर थाप मारली. "याच्या पोटात. रांजणात. ओटा फोडला, हवा लागली, की मेलं. मग बसा पापुद्रे वेचत."

मोहिनीताई ओट्याकडे बघत राहिल्या. हसावं की लिहून घ्यावं, हे त्यांना ठरेना. मग त्यांनी मंडळाचा कायदा काढला.

"काका, आमच्याकडे एक पद्धत आहे. इमारतीजवळच्या माणसाचं सांगणं आम्ही तेवढ्यावरच ग्राह्य धरत नाही. त्याला बाहेरच्या तिघांचा दुजोरा लागतो."

"बाहेरच्या म्हणजे किती बाहेरच्या?"

"तालुक्याबाहेरचे तरी हवेत."

"एवढंच ना!" खंडेराव म्हणाले आणि घरी जाऊन त्यांनी मोबाइल शोधायला घेतला.

पहिला फोन मनमाडला. दत्तूअण्णा त्यांचे व्याही, लेक छायाचे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले. थापांच्या बाबतीत दोघांचं चांगलं जमायचं. लग्नाची बोलणी तर त्यावरच पार पडली होती.

"अण्णा, तुमच्याकडे मंडळाच्या एक ताई येतील. चुन्याच्या विरजणाचं विचारतील. हो म्हणायचं."

"नुसतं हो? व्याहीबुवा, माझी काय अब्रू आहे की नाही?"

झालं. मोहिनीताई मनमाडला जाऊन आल्या त्या डोळे विस्फारूनच. दत्तूअण्णांनी सांगितलं होतं की इंग्रजांच्या काळी पुलाच्या बांधकामासाठी नाशकाहून विरजणाचा रांजण गार्डाच्या डब्यात, गार्डाच्या मांडीवर आला होता. धक्का लागू नये म्हणून मेलगाडी बैलगाडीच्या चालीने चालवली होती.

दुसरा फोन सटाण्याला, सोमनाथ नावाच्या कांद्याच्या व्यापाऱ्याला. तो बाजारसमितीतून निघालाच नाही, आडत्यांच्या गलक्यातच मोहिनीताईंना अहिराणीत म्हणाला, "खरं शे ताई. आमना गावले बी तसंच शे." आणि वर एक भर टाकली, की विरजण ठेवलेल्या जागेवर कारागीर पाऊल उमटवून ठेवायचे, म्हणजे कोणी खणू नये. ही भर खंडेरावांनी शिकवलेली होती. कारण ओट्यावर खरोखरच एक पाऊल होतं. छोटंसं, आणि त्यात नागमोडी रेघांची नक्षी.

तिसरा दुजोरा मात्र खंडेरावांच्या हातात नव्हता. मोहिनीताईंनी परदेशातल्या एका संस्थेला मेल केला: अशी पद्धत तुम्हाला माहीत आहे का? उत्तर आलं, माहीत नाही, पण अशक्यही म्हणता येत नाही, अधिक कळवावं. ताईंनी मनमाड आणि सटाणा, दोन्ही कळवलं. मंडळाच्या वेबसाइटवरही टाकलं. तिथून ते इंदूरच्या कोणीतरी उचललं, इंदूरकडून आणखी कोणी. आणि महिनाभराने त्याच परदेशी संस्थेचं सविस्तर पत्र आलं: 'भारतात जुन्या चुन्याचं विरजण लावण्याची पद्धत असल्याचं आमच्या वाचनात आलं आहे.'

"बघा काका!" मोहिनीताई पत्र नाचवत आल्या. "तिसरा स्रोत! तोही थेट परदेशातला!"

खंडेरावांनी ते पत्र दोनदा ऐकलं. आपली थाप समुद्रापार जाऊन, इस्त्री करून परत आलेली पाहून त्यांना गहिवरून आलं. क्षणभर त्यांना वाटलं, खरंच असेल की काय असं विरजण?

फुली पुसली गेली. पण सुख फार टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी मोहिनीताई वाटी-चमचा घेऊन हजर.

"काका, आता थोडं विरजण काढून द्या. हौदात घालू."

"काढून? अहो, हवा लागेल."

"बोटभर तरी! नाहीतर ओटा ठेवून उपयोग काय?"

"उद्या सकाळी," खंडेराव म्हणाले. "सोमवारी विरजण देत नाहीत."

आता चुना आणायचा कुठून? तो घरातच होता, कुसाबाईंच्या पानाच्या डब्यात, पितळी डबीत. जेवणानंतर कुसाबाईंचा डोळा लागला तशी खंडेरावांनी डबी उचलली आणि ओट्याच्या फटीत बोटाने चुना भरला. डबी घाईघाईत सदऱ्याच्या खिशात टाकली, ती तिथेच राहिली. सकाळी मोहिनीताईंनी फटीतून चमचाभर विरजण काढलं.

"काका, हे गुलाबी का दिसतंय?"

"अरे वा! तुमच्या लक्षात आलं," खंडेराव म्हणाले. "जुने लोक विरजणात कात घालायचे. किडा लागत नाही."

विरजण हौदात पडलं. आणि गंमत पाहा. तेवढ्यात गवंडी काळू भातलावणीला सुरगाण्याकडे, आपल्या गावी गेला. काम थांबलं. हौदातला चुना कोणी न ढवळता, न उपसता, पाण्याखाली निवांत पडून राहिला. काळू परतला आणि भिंतीला चुना लावला, तो असा चिकटला की नखाने निघेना. आता हा गुण पडून राहण्याचा की विरजणाचा, हे विचारायला कोणाला सवड होती? गल्लीत पेढे वाटले गेले. खंडेराव संध्याकाळी ओट्यावर बसले की पाच-सातांच्या जागी पंधरा-वीस माणसं जमू लागली.

पण मंडळाला अजून एक बाहेरचा माणूस हवा होता. ओटा मूळ ठरवून त्याच्यावर पाटी लावायची, तर शेवटचा शब्द तज्ज्ञाचा. बडोद्याहून एक पाहुणे आले. मराठी बोलणारे, बारीक चणीचे, गळ्यात भिंग अडकवलेले. त्यांनी हो म्हटलं तर पाटी. नाही म्हटलं तर काळू पहार घेऊन बाजूला उभाच होता. सारी गल्ली जमली. खंडेरावांनी इस्त्रीचा सदरा घातला, आणि सवयीने जुन्या सदऱ्याच्या खिशातलं सगळं नव्याच्या खिशात घेतलं.

पाहुणे गुडघ्यांवर बसले. ओट्यावरच्या पावलावर भिंग धरलं.

"ही नक्षी कसली?"

"तुम्हाला खरं वाटणार नाही साहेब," खंडेराव म्हणाले, "पण त्या गोदावरीच्या लाटा आहेत. पूर आला की पाणी इथवर यायचं. पावलावर लाटा, म्हणजे पुरालाही ताकीद, की याच्यापुढे यायचं नाही."

लोक "वा!" म्हणाले. पाहुण्यांनी मान डोलावली.

"पण पाऊल फार लहान आहे."

"तेव्हा माणसंच लहान होती."

"आणि एकच का? दुसरं?"

"दुसरं त्र्यंबकला," खंडेरावांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं. "नदी उगमापाशी निघते तिथे एक पाऊल, आणि इथे दुसरं. एवढी टांग टाकणारे कारागीर होते साहेब. आता कुठे मिळतात?"

पाहुण्यांनी पुन्हा भिंग लावलं. कितीतरी वेळ लावून ठेवलं. काळूने पहार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. खंडेरावांच्या कपाळावर घाम आला, पण चेहरा देवळातल्या पुजाऱ्यासारखा.

शेवटी पाहुणे उठले, गुडघे झटकले. "असं पाऊल मी दुसरीकडे पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "आणि तीन दुजोरे आहेत, त्यातला एक परदेशातला. मला वाटतं, ओटा राहू द्यावा."

टाळ्या पडल्या. मोहिनीताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. काळूने पहार भिंतीला टेकवली. खंडेराव ओट्यावर मांडी घालून बसले आणि बडोद्याच्या पाहुण्यांना जवळ बसवून म्हणाले, "आता साहेब, मी तुम्हाला या ओट्याची जन्मकथाच सांगतो. कोणाला खरी वाटत नाही. साधारण चारशे वर्षांपूर्वी, वैशाखात..."

समोरच्या घराची खिडकी धाडकन उघडली. कुसाबाई आत काही शोधत होत्या, इतके दिवस शोधत होत्या. आधी उसना चुना, मग शेजारणीची डबी, असं करत करत त्यांची सहनशक्ती आज संपली होती. बाहेरच्या लाटा आणि त्र्यंबक त्यांनी ऐकून सोडले होते; त्यात "चारशे वर्षं" हे शब्द कानावर पडले.

"कोणाची चारशे वर्षं?" त्या कडाडल्या. "अहो, आपल्या मोरीचं सिमेंट उरलं, ते वाया नको म्हणून तुम्ही स्वतः बांधलाय तो ओटा! माझ्या नव्या घमेल्याची वाट लावलीत तेव्हा! आणि लाटा कसल्या? सिमेंट ओलं असताना आपली छाया त्यावर नाचली, तिच्या नव्या स्लिपरचा तळ आहे तो! दुसरं पाऊल त्र्यंबकला नाही, अंगणात पडलं होतं, आणि रडत होती पोर!"

पाहुण्यांनी भिंग पावलावरून उचलून खंडेरावांच्या चेहऱ्यावर धरलं. काळूचा हात पहारीकडे गेला.

कुसाबाई पदर खोचून खाली आल्या, गर्दी बाजूला सारत थेट मोहिनीताईंपुढे उभ्या राहिल्या.

"मोडायचा तर खुशाल मोडा बाई, पण माझ्या लेकीचं ते पाऊल अख्खंच्या अख्खं काढून द्या मला. आणि त्याच्या आधी यांचा खिसा तपासा. माझी चुन्याची डबी आहे त्यात!"