पावातला कौल

थंड चहात रात्रभर भिजलेले मनुके टम्म फुगले होते. मालनने ते पिठात ओतले आणि मळायला घेतलं. आता पिठात दोन पुड्या दडवायच्या होत्या. एकीत पितळेची साधी अंगठी, दुसरीत जुन्या चादरीची चिंधी. संध्याकाळी पाव कापला की ज्याच्या वाट्याला जे येईल तसं त्याचं वर्ष जायचं. अंगठी आली तर संसार, चिंधी आली तर हलाखी. मालनने डोळे मिटून पुड्या आत खुपसल्या. कुठे काय आहे ते आपल्यालाही कळू नये, असा तिचा नेम होता.

मालन डिलनबाईंच्या बंगल्यावर कामाला होती आणि हा त्यांच्या घरचा सण. बाईंचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी आयर्लंडहून आले आणि अंधेरीतच मातीआड झाले. बाईंचा जन्म अंधेरीचा, आयुष्य इथल्या शाळेत शिकवण्यात गेलं. आयर्लंड त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण ऑक्टोबर सरत आला की आईने शिकवलेलं सगळं साग्रसंगीत व्हायचं. उकडलेल्या बटाट्यात कोबी आणि कांद्याची पात घोटून मधोमध लोण्याचं तळं करायचं, खिडकीत दिवा लावायचा आणि टेबलावर गेलेल्या आईवडिलांसाठी दोन पानं मांडायची.

ती रिकामी पानं पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मालनला हे घर आपलं वाटलं होतं. गावी म्हाळाला असंच वाढतात. ज्या घरी पितर जेवायला येतात, तिथला पाव खोटं कशाला बोलेल, असं तिने मनाशी धरलं. तिथेच ती फसली.

गिरण्यांच्या संपात नोकरी गेल्यावर मालनचा भाऊ लवू साकीनाक्याच्या एका कारखान्यात लागला होता. शेजारच्या लेथवर गुणाजी काम करायचा. त्याचं स्थळ लवूनेच मालनच्या मुलीसाठी, शेवंतीसाठी आणलं. बापाविना पोरीला याहून काय हवं, असं तो म्हणत राहिला. मालनचं मन मात्र घेईना. मुलगा हसायचा तेव्हा त्याचे डोळे हसत नसत. अशा वेळी गावी देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडची पडली की होकार. पण बाई आजारी होत्या, गावी जाणं जमेना. तेवढ्यात हा सण आला. शेवंतीच्या तुकड्यातून अंगठी निघाली आणि मालनने लवूला होकार कळवला.

वर्ष सरायच्या आत गुणाजीचा हात उठू लागला. पोटातलं मूल गेलं ते त्याच्या लाथेने. यंदा दसऱ्याच्या सुमारास शेवंती नेसत्या साडीनिशी आईकडे आली, बंगल्यामागच्या खोलीत. आज सकाळी गुणाजी फाटकाशी येऊन गेला होता. संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला, अगदी मऊ आवाजात. लवूचा निरोपही तोच होता: नवऱ्याने टाकलेली नाही, मग माहेरी बसायचं कशाला.

"जाऊ का गं?" शेवंतीने दारातून विचारलं.

"सांजेक बघू," मालन गोळा उलटवत म्हणाली.

शेवंती समजली. "परत पावालाच विचारणार?"

"पाव खोटा नाय पडूचो. आपलाच कायतरी चुकला असतला."

शेवंती कोबी चिरायला बसली.

संध्याकाळी तिघी टेबलाशी जमल्या. एरवी मालन पाव ठेवून बाजूला व्हायची. आज जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून ती बाईंच्या खुर्चीमागेच उभी राहिली. त्यामुळे तिला दिसलं. बाईंनी सुरीचं टोक पावात हलकेच खुपसलं, चाचपलं, काढलं. ताटली जराशी फिरवून पुन्हा खुपसलं. टोकाला काहीतरी टणक लागलं तसा त्यांनी तिथला जाड तुकडा कापला आणि शेवंतीपुढे ठेवला.

शेवंतीने पुडी उलगडली. अंगठी बघितली, टेबलावर ठेवली आणि कपडे भरते म्हणून उठून गेली.

मालनने बाईंना विचारलं की सुरीने काय शोधत होतात. बाई मराठी तिच्याचकडून शिकल्या होत्या, बोलायच्याही तिच्यासारख्याच.

"मग काय गो? पोरीक अंगठीच द्यायची. माझी आई तसाच करायची."

"त्या वर्षीपण?"

"त्या वर्षीपण." बाई हसल्या. "माझ्या ताटात किती अंगठ्या आल्या, मालन. खय झाला माझा लगीन? खेळ असता तो."

त्या हसण्यात माया होती. मालनला रागवायलाही जागा सापडेना.

खोलीत शेवंती पिशवी भरत होती. मालनने तिला झाला प्रकार सांगितला. शेवंती रडली नाही. हातातली, आईने दिलेली साडी तिने नीट घडी करून ठेवली.

"लवूमामाला विचारलंस, पावाला विचारलंस," ती म्हणाली. "मला विचारलंस कधी? नको म्हणून सांगायचं होतं मला. तू विचारशील म्हणून थांबले होते."

मालन तिच्यासमोर खाली बसली. मग तिने विचारलं, "आणि आता?"

"नाही जायचं." शेवंतीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तू जा आता इथून."

गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकाशी उभा होता. शेवंती येणार नाही, असं मालनने सांगितलं.

"कोण म्हणतं?"

आजवर अशा प्रश्नाला पुढे करायला कुणीतरी असायचं. देव असायचा, भाऊ असायचा. सवयीने तिने मनात एखादं नाव शोधलं.

"ती म्हणता," मालन म्हणाली. "आणि मी म्हणतंय."

"मामांना विचारलंस?"

"नाय."

गुणाजीने पुडा कुंपणावर ठेवला, समोरच्या भिंतीला टेकला आणि बिडी पेटवली. बघू किती दिवस पोसतेस ते, असं म्हणाला. आवाज तसाच मऊ. मालनने फाटकाची कडी लावली आणि तिच्यावर हात ठेवून आतल्या बाजूला उभी राहिली. मागे खोलीचं दार शेवंतीने आतून लावून घेतल्याचा आवाज आला. बंगल्यातून बाईंनी चहासाठी हाक मारली, थोड्या वेळाने पुन्हा मारली.

मालन जागची हलली नाही.