पातळ पत्र्याचं झाकण

फोरमन आणि त्याची बायको एकाच कारखान्यात कामाला होते. कारखाना थंड पेयांच्या डब्यांची झाकणं बनवायचा. नुसती झाकणं, डबे दुसरीकडे व्हायचे. वरून दाबणारा पंच आणि खालचा साचा म्हणजे डाय, या दोन्हींच्या मधून झाकण दाबून निघतं; ते पंच आणि डाय फोरमन टूलरूममध्ये घडवायचा. ती चाचणीच्या खोलीत असायची आणि तीच झाकणं फोडायची. झाकण आवळून बसवायचं, खालून हवा सोडायची आणि दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची. दाब वाढत गेला की झाकणाच्या कडेने फिरणारा चर दम सोडायचा आणि मधला भाग टप्पकन बाहेर उलटायचा.

"मी घडवतो, ही मोडते," असं तो घरी आलेल्यांना हसत सांगायचा.

"घरी उलटं आहे," ती म्हणायची.

त्यांचं पटायचं ते या झाकणांवरच. मूलबाळ नव्हतं. जेवताना ताटाशेजारी दिवसभरात उलटलेलं एखादं झाकण असायचंच. ती ते उजेडात धरून कुठून गेलं ते दाखवायची. तो घास हातात धरून वाद घालायचा, भाजी गार व्हायची. बाकीची जोडपी काय बोलत असतील, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

मग साहेबांनी नवीन काम आणलं. पत्रा पहिल्यापेक्षा पातळ वापरायचा आणि झाकण मात्र पहिल्यापेक्षा मजबूत हवं. फोरमनने हिशोब सरळ मांडला. कडेचा चर जितका खोल आणि अरुंद, तितकं झाकण ताठ. हे खरंच होतं. म्हणून त्याने पंचाचं नाक बारीक केलं आणि चर खोल पाडला. पण पंच खाली जाताना पत्र्याला ओढून नेत होता, आणि आधीच पातळ असलेला पत्रा वळणावर कांद्याच्या सालीसारखा होत होता. काही झाकणं आधीपेक्षा लवकर उलटली, काहींना तर प्रेसमधून निघतानाच तडा होता. त्याने पंच घासला, आरशासारखा चकचकीत केला, तेल बदललं, पत्रा पाठवणाऱ्यांना शिव्या घातल्या. काटा काही वर सरकेना.

एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, एक बोलू?"

"बोल की. परवानगी कधीपासून लागायला लागली?"

"चराच्या आतल्या वळणावर पत्र्याचा नुसता कागद झालाय."

"ते मला दिसतंय."

"मग ताणून चर पाडताच कशाला? आधी मधला सगळा भाग वाटीसारखा खोल घ्या. मग वाटीचा तळ खालून वर उचला. जो पत्रा आधीच खाली गेलाय तो कडेला गोळा होईल, त्याचाच चर बनेल. पडद्याला चुण्या घालताना आपण कापड ताणतो का? आधी सैल सोडतो, मग गोळा करतो."

"पडदा वेगळा, पत्रा वेगळा," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, थकवा होता. त्याने नीट ऐकलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे प्रेसजवळ जमले. साहेब, दोन फिटर, फोरमन, आणि चाचणीचे आकडे सांगायला ती. आकडे वाईटच होते. साहेबांनी सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही रोज बघता. तुम्हाला काय वाटतं?"

तिने रात्रीचंच पुन्हा सांगितलं, हातांची वाटी करून, अंगठ्यांनी तळ उचलून दाखवत. साहेबांनी फोरमनकडे पाहिलं. फिटरांनीही पाहिलं. आणि त्या सगळ्या नजरांनी त्याला काय झालं कोण जाणे, तो म्हणाला, "साहेब, हिला झाकणं फोडायला ठेवलंय. बनवायची हौसच असेल तर घरचे पडदे पडलेत शिवायचे."

फिटर खो खो हसले. साहेब हसले. तीही हसली, पण तिचं हसू बाकीच्यांच्या आधी थांबलं.

संध्याकाळी तो बोलणी खायची तयारी करूनच घरी गेला. तिने नेहमीसारखं वाढलं, आणखी हवंय का विचारलं, शेजाऱ्यांच्या गळक्या नळाचं सांगितलं. ताटाशेजारी झाकण नव्हतं. आज सुटलो, असं त्याला वाटलं.

त्यानंतर झाकण कधी आलंच नाही. तो विचारायचा, "आज कशी उलटली?" ती म्हणायची, "आकडे पाठवलेत मी टूलरूमला." खोटं नव्हतं. आकडे येत होते, बिनचूक.

ऋतू बदलला तरी काम अडलेलंच होतं. करून पाहण्यासारखं सगळं करून झालं, तेव्हा त्याने तिचा उपाय हातात घेतला. स्वतःशी मात्र तो कबूल करत नव्हता. हे आपल्यालाही सुचलंच असतं, असं घोकत होता. पंच आधी वाटी घेईल आणि तो वर फिरतानाच खालचा ठोकळा तळ उचलेल, अशी डाय त्याने घडवली. पहिलं झाकण निघालं. त्याने चरावरून नख फिरवलं. पत्रा जागच्या जागी होता, कुठेही साल झाली नव्हती.

सगळे चाचणीच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. तिने झाकण आवळलं, हवा सोडली. काटा जुन्या खुणेपाशी आला, तिथे न थांबता पुढे गेला, आणि जातच राहिला. झाकण उलटलं तेव्हा फिटरांनी आरडाओरडा केला. साहेबांनी फोरमनच्या पाठीवर थाप मारली. "फोरमन, डोकं आहे बाबा तुला!"

ती खाली वाकून झाकण सोडवत होती. त्याने तोंड उघडलं. साहेब, कल्पना हिची. एवढंच म्हणायचं होतं आणि ते जिभेवर आलंही होतं. पण साहेबांचा हात पाठीवर होता, सगळे त्याच्याकडेच बघत होते, इतके महिने त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. नंतर सांगू, निवांत, असं त्याने ठरवलं. तिने झाकण पुसून टेबलावर ठेवलं आणि पुढचं लावायला घेतलं.

सगळे त्या डायला 'फोरमनची डाय' म्हणू लागले. आणि काही आठवड्यांनी एका फिटरने त्याला विचारलं, "वहिनी माल पाठवणीच्या विभागात का गेल्या हो?"

तो घरी येऊन म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कामात होतात."

"चुकलो मी. तेव्हा प्रेसपाशीही आणि चाचणीच्या दिवशीही. तुला राग येणारच."

ती भांडी लावत होती. हातातलं पातेलं ठेवून त्याच्याकडे वळली. "राग आला असता तर बरं झालं असतं. राग जातो. मला राग नाही आला हो. मला नुसतं वाटलं, पुरे."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने साहेबांना आणि फिटरांना स्पष्ट सांगितलं, की ती डाय माझी नाही, बायकोची. मग एक फिटर म्हणाला, "वहिनींनी जेवण बंद केलं वाटतं!" चहा सांडेपर्यंत हसले सगळे. त्याने पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. साहेब म्हणाले, "बायकोचा मान ठेवतोस, चांगलं आहे," आणि उठून गेले.

पुढे झाकण उघडण्यासाठी जी रेघ कोरतात, तिच्यापाशी पत्रा नको तिथे फाटायला लागला. तो एक झाकण खिशातून घरी घेऊन आला आणि जेवताना तिच्यासमोर ठेवलं. "बघ ना जरा."

तिने ते उचललं, दिव्याकडे धरलं. बोट आपसूक चरावरून फिरलं आणि एका जागी थांबलं. "चर चांगला झालाय," ती म्हणाली.

"आणि इथे फाटतंय ते कशाने?"

"ते नाही सांगता येणार मला."

येत नाही, की सांगायचं नाही, हे त्याला कळेना. विचारायचा हक्क आपण गमावलाय, एवढं कळलं.

तेवढ्यात तिच्या ताईचा फोन आला. ती आतल्या खोलीत जाऊन बोलू लागली. गाडीत झाकणांच्या थप्प्या एकीकडे कशा सरकतात, तिने बांधायची पद्धत कशी बदलायला लावली, आधी कुणी कसं ऐकेना. "अगं थांब, पुढे तर ऐक," ती म्हणत होती, स्वतःचंच वाक्य तोडून दुसरं सुरू करत होती, मध्येच हसत होती. फोरमनने ताटं उचलली आणि घासायला घेतली. तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून त्याने नळ अगदी बारीक सोडला.