नदीला दिलेल्या बागा

लिपोवेक शहरातल्या लोकांच्या नदीकाठच्या भाजीच्या बागा रिकाम्या करायचं ठरलं, तेव्हा लोकांना समजावण्याचं काम झीवाच्या गळ्यात पडलं. ती नगरपालिकेत नियोजन अधिकारी होती, पण लहानपणी याच बागांत खेळलेली. तिची आई जाईपर्यंत इथे सॅलडचा पाला आणि घेवडा लावायची.

लिपोवेकसह युरोपातल्या पाच शहरांनी मिळून ठरवलं होतं, की पुराला भिंती घालून अडवायचं नाही, पसरायला जागा द्यायची. बेल्जियममधल्या वेस्टरहेमने हे आधी करून दाखवलं होतं. तिथली अभियंता खोडेलीव लिपोवेकला मदतीला यायची आणि झीवाच्याच घरी उतरायची. दोघींचं इतकं जमलं की कामाचं बोलणं संपलं तरी गप्पा संपायच्या नाहीत.

पाणी पसरायला काठावर कुरण करायचं, तर बागा जाणार. बदल्यात जुन्या वीटभट्टीची जागा मिळेल, असं नगराध्यक्ष झ्द्राव्को यांनी झीवाला सांगितलं होतं.

ती सगळ्यात आधी तेरेझियामावशीकडे गेली. आईची मैत्रीण, शेजारचीच बाग तिची.

"वीटभट्टीची जागा नक्की?" मावशीने विचारलं.

"नक्की."

"नगराध्यक्षाचा शब्द मला नको. तो लग्नातही भाषण करतो आणि मयतालाही तेच करतो. तू शब्द देतेस?"

"देते."

मावशीने दुसऱ्याच दिवशी रासबेरीची झुडपं मुळासकट काढून बादल्यांत लावली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. ती उठली म्हटल्यावर बाकीचेही उठले.

कुरण झालं. शरद ऋतूत नदी फुगली, पाणी गवतावर ऐसपैस पसरलं आणि गावातलं एकही तळघर भिजलं नाही. पाचही शहरांत लिपोवेकचं नाव झालं.

पुढची बैठक वेस्टरहेमला भरली. खोडेलीवने पडद्यावर लिपोवेकचा पुढचा टप्पा दाखवला. वीटभट्टीच्या जागेवर मोठा वाहनतळ. बाहेरच्या गाड्या तिथे थांबतील, गावात विजेच्या बस फिरतील. सभागृहात टाळ्या पडल्या. झीवाचेही हात सवयीने एकदा एकमेकांवर आपटले, आणि मग तसेच राहिले.

मधल्या सुट्टीत तिने झ्द्राव्कोंना गाठलं.

"ती जागा बागांची होती."

"अगं, बागा मूठभर लोकांच्या, वाहनतळ अख्ख्या गावाचा."

"कधी ठरलं हे?"

"पहिल्यापासून तसंच होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू त्यांच्या दारात उभी राहिली असतीस? तुला खोटं बोलता येत नाही झीवा. म्हणून तर तुला पाठवलं."

ते हे कौतुकाने बोलले. झीवाला वाटलं, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

खोडेलीव खिडकीशी कॉफी घेऊन उभी होती.

"तुला माहीत होतं?"

खोडेलीवने मान खाली घातली. "गेल्या वसंतात कळलं."

"तेव्हा तू माझ्या घरी राहत होतीस. मावशीने दिलेला जॅम खात होतीस."

"आमच्याकडेही कुणाची तरी जमीन गेलीच होती गं. पण कुरण झालं ना? घरं वाचली ना?"

"कुरणावरून मी भांडत नाहीये," झीवा म्हणाली.

परतल्यावर बॅग घरी न ठेवताच ती मावशीकडे गेली. गॅलरीत बादल्या दाटीवाटीने मांडलेल्या होत्या. झीवाने सगळं सांगितलं.

"मलाही फसवलं मावशी."

"कळलं. पण मी झाडं उपटली ती तुझ्या तोंडाकडे बघून. त्याच्या नाही."

"मी राजीनामा देते."

"राजीनाम्यात गाजरं उगवतात का?"

मग पालिकेच्या महिनाअखेरच्या सभेत झीवा उभी राहिली. वीटभट्टीच्या जागेचा शब्द मी नगरपालिकेच्या वतीने दिला होता, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. झ्द्राव्को शांतपणे म्हणाले, "बाईंनी जिव्हाळ्यापोटी काही वैयक्तिक आश्वासनं दिली असतील, त्याला पालिका काय करणार?" वाहनतळ मंजूर झाला. प्रेक्षकांत बागांची माणसं होती. एकाने उठून विचारलं, "बाई, आता आमच्या दारात कधी येताय?" कोणी हसलं नाही. मावशी तिच्याकडे न बघताच बाहेर पडली.

झीवाने नोकरी सोडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत खोडेलीवचा फोन आला. पाच शहरांच्या गटात एक नवं शहर आलं होतं, तिथेही काठावर बागा होत्या, आणि लोक ऐकत नव्हते.

"तुझ्यासारखं लोकांशी बोलणं कुणालाच जमत नाही," खोडेलीव म्हणाली. "येशील?"

"येईन. पण मी त्या लोकांना एकटी भेटेन, आणि लिपोवेकला काय झालं ते सगळं सांगेन."

"विचारून सांगते," खोडेलीव म्हणाली.

तिचा फोन परत आला नाही.